श्वासाचा कोंडमारा आणि हृदयाचा धसका

नभोवाणीवरून झालेलें भाषण



आपल्या भाषेंत 'हाय खाणें' असा एक वाक्प्रचार आहे. मुलगा गेला आणि आईनें हाय खाल्ली, पेढी बुडाली आणि यजमानांनीं हाय खाल्ली, असें आपण सहज बोलून जातों. धसका घेणें, धास्ती घेणें, काळजाचें पाणी होणें, ऊर फुटणें हे सारे त्याच कुळांतले शब्द. ही भाषा घडविणाऱ्या अज्ञात पूर्वजांची अशी दृढ समजूत दिसते कीं, मनाला बसलेला तडाखा थेट काळजावर उतरतो आणि प्रसंगीं प्राणही घेतो. वैद्यकशास्त्रानें मात्र या समजुतीकडे बराच काळ कवींची मिरास म्हणूनच पाहिलें. हृदय हा स्नायूंचा एक पंप आहे; त्याच्या नळ्या तुंबल्या तर तो बंद पडेल, पडदे बिघडले तर तो गळेल; दुःखानें तो मोडावयाचा नाहीं, अशी शास्त्राची एकंदर वृत्ति होती.

आज मी जो इतिहास सांगणार आहें तो या जुन्या समजुतीला शास्त्राची साक्ष कशी मिळाली याचा आहे खरा. पण त्यांत एक निराळेंच वळण आहे. तडाख्यानें थिजणारें हृदय शास्त्रज्ञांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें, त्या विकाराचें नांव जगभर गाजलें, आणि त्या नांवास शोकाचें, वैधव्याचें, विरहाचें चित्र कायमचें चिकटलें. परंतु हाच विकार ज्यांच्या अधिक जिवावर बेततो ते रोगी कोणाच्या वियोगानें व्याकुळ झालेले नसतात. त्यांचें दुखणें फुफ्फुसाचें असतें. न्यूमोनियानें, दम्याच्या जबर उबळीनें किंवा रक्तांत भिनलेल्या जंतुदोषानें ते रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत निजलेले असतात. घशांत नळी असते, श्वास यंत्र देत असतें, आणि छातींत काय होत आहे हें त्यांस सांगतां येत नाहीं. या विकाराच्या इतिहासांत बोलूं शकणारे रोगी आधीं दिसले. मुके रोगी पुष्कळ मागाहून दिसले. हा विलंब कां झाला आणि त्याची किंमत काय पडली, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रारंभींच एक सावधगिरी. धसक्यानें आलेला मृत्यु म्हटला कीं मराठी मनापुढें पानिपत उभें राहतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर संहार झाला आणि त्याच वर्षीं २३ जूनला नानासाहेब पेशव्यांनीं पर्वतीवर देह ठेवला. पानिपताच्या दुःखानें ते गेले असें आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलों. तें खोटें आहे असें मी म्हणत नाहीं; पण ज्या विकाराविषयीं मी बोलतों आहें तो हा नव्हे. पांच महिने झुरून खंगणें वेगळें, आणि तडाखा बसतांच कांहीं तासांच्या आंत हृदयाच्या अर्ध्या भागानें हालचाल सोडून देणें वेगळें. शिवाय इतक्या जुन्या नाडीवर आज बोट ठेवून निदान करण्याचा मोह इतिहासकारानें आवरावा हेंच बरें.

युरोपांतल्या वैद्यांस मन आणि हृदय यांचा संबंध अगदींच अपरिचित होता असें नाहीं. रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडणाऱ्या विल्यम हार्वेनें १६२८ सालच्या आपल्या ग्रंथांत, मनाची प्रत्येक खळबळ, मग ती सुखाची असो वा दुःखाची, आशेची असो वा भीतीची, हृदयापर्यंत जाऊन पोंचते असें नमूद करून ठेवलें होतें. लंडनचा थोर शस्त्रवैद्य जॉन हंटर यास हृच्छूलाचा विकार होता. कोणीही लबाडानें मला चिडविण्याचें मनांत आणावें, कीं माझे प्राण त्याच्या हातीं गेलेच, अशा अर्थाचें तो म्हणत असे. आणि १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेंत वादावादी होऊन तो खरोखरीच कोसळला व मरण पावला. पण हंटरच्या हृदयाच्या रोहिण्या आधींच कठीण झालेल्या होत्या, हें शवपरीक्षेंत दिसून आलें. ज्याच्या रोहिण्या धडधाकट आहेत असें हृदय केवळ तडाख्यानें थिजेल काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर मिळण्यास आधीं एक रसायन सांपडावें लागलें. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन लहान ग्रंथि आहेत, त्यांच्या अर्कानें रक्ताचा दाब झपाट्यानें चढतो हें जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८९४ च्या सुमारास दाखविलें. त्या अर्कांतलें मुख्य द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केल्याचें १९०१ मध्यें जाहीर केलें तें अमेरिकेंत राहणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञानें. तेंच अॅड्रिनॅलिन. पुढें प्रस्तुत विकारासही जपानीच नांव मिळावें हा योगायोग मोठा मौजेचा आहे. दोनच वर्षांनीं, १९०३ मध्यें, न्यूयॉर्कच्या बुलोवा व कॅप्लन या डॉक्टरांनीं दम्याच्या उबळींत हें द्रव्य त्वचेखालीं टोंचून पाहिलें आणि घुसमटलेल्या रोग्यांस आराम पडला. फुफ्फुसाच्या रोग्यास अॅड्रिनॅलिन हें तेव्हांपासून जणूं अमृत ठरलें.

हार्वर्ड विद्यापीठांतल्या वॉल्टर कॅनननें पुढची पायरी गांठली. भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर मांजर ठेवलें कीं मांजराच्या रक्तांत हें द्रव्य उतरतें, असें त्यानें १९११ च्या प्रयोगांत दाखविलें. भयानें किंवा क्रोधानें देह लढावयास अथवा पळावयास सज्ज होतो, हें त्याचें १९१५ सालच्या ग्रंथांतलें मत पुढें पाठ्यपुस्तकांतून सर्वतोमुखीं झालें. पण त्याच १९११ सालीं हॉस्किन्स या सहकाऱ्यासमवेत त्यानें आणखी एक प्रयोग केला होता, त्याची कीर्ति एवढी झाली नाहीं. प्राण्याचा श्वास कोंडला तरीही त्याच ग्रंथींतून तेंच द्रव्य सुटतें, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. भय आणि गुदमरणें यांची देहांतली वाट एकच आहे! माझ्या मतें आजच्या विषयाची किल्ली या विधानांत आहे. मांजराला कुत्रा दिसो किंवा त्याचें नाक दाबलें जावो, हृदयापर्यंत जो निरोप पोंचतो तो सारखाच. १९४२ मध्यें कॅनननें, मांत्रिकाच्या शापाच्या धास्तीनें धडधाकट माणसें कां दगावतात, यावर एक निबंध लिहिला. तो आजही उद्धृत होतो. कोंडलेल्या श्वासाचा प्रयोग सांगणारे मात्र थोडे.

अमृताचें विष होतें हेंही फार लवकर दिसून आलें होतें. सशांच्या शिरेंत अॅड्रिनॅलिन टोंचलें असतां हृदयाच्या स्नायूंस इजा होते हें अमेरिकेंतल्या रिचर्ड पीअर्सनें १९०६ मध्येंच लिहून ठेवलें. १९५९ मध्यें माँट्रियल येथें जॉर्ज रोना व त्याचे सहकारी यांनीं आयसोप्रिनॅलिन या अॅड्रिनॅलिनच्या कृत्रिम भाईबंदाची टोंचणी उंदरांस दिली, तेव्हां हृदयाच्या झटक्यांत दिसाव्या तशा जखमा त्यांच्या हृदयांत उठल्या. हेंच आयसोप्रिनॅलिन पुढें दम्याचे रोगी फवाऱ्याच्या रूपानें खिशांत बाळगूं लागले. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंड-वेल्समध्यें दम्याचे मृत्यु, विशेषतः कोंवळ्या वयाच्या मुलांतले, एकाएकीं वाढले. स्पायझर, डॉल प्रभृति संशोधकांनीं १९६८ मध्यें आंकडे मांडून या फवाऱ्यांकडे बोट दाखविलें. कांहीं देशांत विकल्या जाणाऱ्या एका प्रकारांत औषधाची मात्रा साध्या फवाऱ्याच्या पांचपट होती. इशारे दिले गेले, वापर घटला आणि मृत्युही घटले. औषधानें हृदयावर घाला घातला कीं फवाऱ्यावर विसंबून रोगी वैद्याकडे उशिरां गेले, हा वाद मात्र पुढें कित्येक वर्षें चालला. मला तर दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें.

आतां आपणांस कोपनहेगनला जावें लागेल. कारण ज्या रोग्यांची ही कथा आहे तो रोग्यांचा वर्गच मुळीं तेथें जन्मास आला. १९५२ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत पोलिओची भयंकर सांथ पसरली. ब्लेगडाम रुग्णालयांत श्वासाचे स्नायु लुळे पडल्यामुळें तत्कालीन यंत्रांत ठेवलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें ऑगस्टच्या अखेरीस एक उपाय सुचविला. गळ्यास छेद देऊन श्वासनलिकेंत नळी बसवावयाची आणि रबरी पिशवी हातानें दाबून फुफ्फुसांत हवा भरावयाची! यंत्रें पुरेशीं नव्हतीं; म्हणून सुमारें १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें, रात्रंदिवस, रोग्यांच्या उशाशीं बसून पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. पुढच्याच वर्षीं इब्सेननें त्याच शहरांतल्या दुसऱ्या एका रुग्णालयांत जो विभाग उघडला, त्यापासून आजच्या अतिदक्षता विभागांची परंपरा मोजतात.

या घटनेचा परिणाम असा झाला कीं, पूर्वीं जो रोगी गुदमरून एका रात्रींत गेला असता तो आतां आठ-पंधरा दिवस जगूं लागला, आणि तेवढ्या अवधींत त्याच्या हृदयाची दशा काय होते हें पाहण्याची प्रथमच संधि आली. पण पाहावयाचें कशानें? हृदयाच्या रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून त्यांचें क्ष-किरण-चित्र घेण्याची रीत क्लीव्हलंडच्या मेसन सोन्सनें १९५८ मध्यें काढली. परंतु त्यासाठीं रोग्यास विशेष दालनांत नेऊन टेबलावर निजवावें लागतें. श्वासाच्या यंत्राला जखडलेल्या, दाब कोसळलेल्या रोग्यास तेथवर नेण्याचें धाडस कोण करणार? दुसरें एक साधन स्वीडनमध्यें जन्मलें होतें. माल्मो येथील जहाजांच्या कारखान्यांत धातूंतले दोष शोधण्यासाठीं ध्वनिलहरींचें एक यंत्र वापरीत. तें उसनें आणून इंगे एड्लर व हेलमुट हेर्ट्झ यांनीं १९५३ मध्यें लुंड येथें हृदयाच्या हालचालीचे आलेख घेतले. आज ज्यास आपण 'इको' म्हणतों त्याचा हा उगम. मात्र हें यंत्र सुटसुटीत होऊन रोग्याच्या खाटेपाशीं येईपर्यंत कित्येक वर्षें गेलीं. तोंपर्यंत न्यूमोनियाच्या रोग्याचा दाब पडला तर तो रोगाचा जोर समजला जाई, आणि फुफ्फुसांत पाणी वाढलें तर फुफ्फुसाचेंच दुखणें बळावलें असें मानलें जाई. ज्याची जागा डाव्या हृदयांत होती असा दोष फुफ्फुसाच्या खात्यावर मांडला जात होता.

या अंधारांतही दोन दिवे लागले होते. पहिला क्लीव्हलंडच्या शवागारांत. सेबेलिन व हर्श या दोघा डॉक्टरांनीं १९८० मध्यें अशा १५ व्यक्तींचा वृत्तांत प्रसिद्ध केला, कीं ज्यांवर मारेकऱ्यांनीं हल्ला केला होता, परंतु ज्यांच्या देहांत प्राण जाण्याजोगी अंतर्गत इजा सांपडली नव्हती. त्यांपैकीं ११ जणांच्या हृदयाच्या स्नायूंत अॅड्रिनॅलिननें व्हाव्यात तशाच जखमा आढळल्या. जुनी भाषा वापरावयाची तर त्यांचें काळीज फाटलें होतें, आणि त्याची खूण सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत होती. दुसरा दिवा अमेरिकेंतल्याच बेथेस्डा येथला. मार्गारेट पार्कर व जोसेफ पॅरिलो आदींनीं १९८४ मध्यें जंतुदोषानें कोसळलेल्या २० रोग्यांच्या हृदयांचें मोजमाप केलें. जे वांचले त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं हृदयें आजाराच्या ऐन भरांत फुगून दुर्बळ झालेलीं होतीं आणि सात ते दहा दिवसांत पूर्ववत् झालीं. हृदय मरत नाहीं, तें थिजतें आणि पुन्हां जागें होतें, ही कल्पना येथें स्पष्ट झाली.

तरीही विकारास नांव मिळालें तें हिरोशिमांत. तेथल्या रुग्णालयांतले हृदयतज्ज्ञ हिकारु सातो व त्यांचे सहकारी यांस १९८३ मध्यें एक रोगी पाहावयास मिळाला. छातींत कळ, विद्युत्-आलेख हृदयाच्या झटक्याचा. आणि रोहिण्यांचें चित्र घेतलें तर त्या स्वच्छ! हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याला जवनिका म्हणतात. सर्व देहास रक्त ढकलण्याचें काम तिचें. या रोग्याच्या जवनिकेचें टोंक फुग्यासारखें फुगून निश्चल झालें होतें आणि मुखाकडचा भाग मात्र जोरानें आंकसत होता. खालीं गोल, वर अरुंद मान. जपानचे कोळी आठ भुजांचा अष्टपाद धरण्यासाठीं अशाच घाटाचीं मातीचीं मडकीं दोराला बांधून समुद्रतळाशीं सोडतात. आसऱ्याच्या लोभानें तो प्राणी आपण होऊन आंत शिरतो. त्या मडक्यास 'ताकोत्सुबो' म्हणतात. सातो यांनीं १९९० मध्यें तेंच नांव या हृदयास दिलें. पुढच्या वर्षीं त्याच गटानें अशा पांच रोग्यांचा वृत्तांत छापला. हीं हृदयेंही कांहीं दिवसांत सावरत, हें तर आणखी नवल. दशकभर हा विषय बहुतांशीं जपानीच राहिला. २००१ मध्यें तेथल्याच संशोधकांनीं ८८ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली तेव्हां पाश्चात्यांचें लक्ष गेलें.

आणि मग आलें २००५ साल. माझ्या दृष्टीनें या इतिहासांतलें सर्वांत बोलकें वर्ष हेंच. कारण त्या एकाच वर्षीं दोन निबंध निघाले आणि दोहोंचें नशीब अगदीं भिन्न झालें.

पहिला निबंध बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला. विटस्टाइन व सहकाऱ्यांनीं, अकस्मात् मानसिक धक्क्यानंतर हृदय थिजलेल्या १९ रोग्यांची तपासणी केली. कोणास आप्ताच्या मृत्यूची वार्ता कळली होती, कोणावर शस्त्र रोखलें गेलें होतें, एकाला तर न कळवितां योजलेल्या आनंदाच्या मेजवानीनेंच धक्का दिला होता. त्यांच्या रक्तांतलें अॅड्रिनॅलिन व तज्जातीय द्रव्यें हृदयाच्या खऱ्या झटक्याच्या रोग्यांपेक्षांही दोन-तीन पट अधिक निघालीं. वर्तमानपत्रांनीं ही बातमी उचलली आणि 'भग्नहृदयाचा विकार' हें नांव घरोघर गेलें.

दुसरा निबंध सेऊलचा. तेथल्या डॉक्टरांनीं अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या ९२ रोग्यांची ध्वनियंत्रानें तपासणी केली. हे रोगी हृदयाचे नव्हते; त्यांच्या प्रवेशाचें कारण दुसरेंच कांहीं गंभीर आजारपण होतें. यांपैकीं किती जणांची जवनिका फुग्यासारखी फुगलेली असावी? २६ जणांची, म्हणजे शेंकडा २८! यांत कोणाच्या घरीं मृत्यु झाला नव्हता, कोणास मेजवानी मिळाली नव्हती. धक्का होता तो देहाचाच. कोंडलेला श्वास, प्राणवायूचा तुटवडा, भिनलेलें विष. १९११ सालचा तो कोंडल्या श्वासाचा प्रयोगच जणूं खाटेखाटेवर पुन्हां मांडला गेला होता. पण हा निबंध छाती-विकारांच्या एका मासिकांत छापला गेला आणि त्याच्या वांट्यास वर्तमानपत्रांतले मथळे आले नाहींत.

येथें थोडें थांबून, यांत रोग्याचें काय पणास लागतें तें सांगितलें पाहिजे. एखादा दम्याचा किंवा न्यूमोनियाचा रोगी नळी घातलेला, गुंगींत आहे. त्याचा रक्तदाब एकाएकीं उतरतो. डॉक्टर काय करील? दाब चढविणारें औषध शिरेंतून चालूं करील. आणि असल्या औषधांचा मूळपुरुष म्हणजे अॅड्रिनॅलिनच. पण हृदय ज्या विषानें थिजलें आहे त्याचाच हा आणखी एक पेला! त्यांत दुसरें एक संकट दडलेलें असतें. टोंक निश्चल आणि मुखाकडचा भाग आवेशानें आंकसणारा, अशा हृदयास आणखी चाबूक मारला तर कांहीं रोग्यांत ती अरुंद मानच इतकी मिटते कीं, रक्ताची बाहेर पडण्याची वाट अडते. मग औषध वाढवावें तसा दाब आणखी पडतो. पडलेला दाब पाहून डॉक्टर औषध आणखी वाढवितो. खाटेपाशीं इको नसेल तर या चक्रांतून सुटका होणें कठीण. हा केवळ तर्क नव्हे. शिरेंतून दिलेल्या अॅड्रिनॅलिन व डोब्युटामिन यांच्यामुळेंच हा विकार उद्भवलेले नऊ रोगी जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनीं २००९ मध्यें नोंदविले. आणखी एक प्रसंग आहे. रोगी बरा होत आला म्हणून श्वासाचें यंत्र काढावयास जावें, तों स्वतःच्या बळावर श्वास घेण्याच्या धडपडींत त्याचें हृदय कोलमडतें, फुफ्फुसें पाण्यानें भरतात आणि यंत्र पुन्हां लावावें लागतें. फुफ्फुस अजून कच्चें आहे असा शेरा पडतो. अपराधी मात्र हृदय असतें.

जवनिकेचें टोंकच कां थिजतें? वाकायामा येथील उएयामा व सहकाऱ्यांनीं उंदरांस बांधून ठेवून तशीच फुगलेली जवनिका उत्पन्न केली आणि अॅड्रिनॅलिनचा मार्ग अडविणारीं औषधें आधीं दिलीं तर ती फुगत नाहीं हेंही दाखविलें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतल्या लायन, हार्डिंग आदि संशोधकांनीं २०१२ पर्यंतच्या प्रयोगांतून आणखी एक उपपत्ति पुढें केली. अॅड्रिनॅलिन ओळखणाऱ्या एका प्रकारच्या ग्राहकांची संख्या टोंकाशीं अधिक असते. द्रव्याचा पूर आला कीं हे ग्राहक उलट आज्ञा देऊं लागतात आणि स्नायूंस जोर करण्याऐवजीं स्तब्ध राहावयास लावतात. म्हणजे थिजणें हा हृदयाचा नाशही नव्हे आणि हट्टही नव्हे. पुरापासून जीव वांचविण्याची ती एक युक्ति असावी. मला ही उपपत्ति पटते, कारण बहुतेक रोग्यांचें हृदय पुन्हां जागें होतें या गोष्टीशीं ती जुळते. सर्वच शास्त्रज्ञांस ती पुरेशी वाटते असें मात्र नाहीं.

झुरिक येथून चालविलेल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीनें २०१५ मध्यें १७५० रोग्यांचे आंकडे मांडले, तेव्हां भग्नहृदयाच्या चित्रास पहिला मोठा तडा गेला. शेंकडा ९० च्या आसपास रोगी स्त्रिया होत्या, बहुतेक उतारवयाच्या, हें अपेक्षेप्रमाणेंच. पण मानसिक धक्का आढळला तो शेंकडा २८ जणांत; शारीरिक धक्का शेंकडा ३६ जणांत. आणि शारीरिक कारणांत श्वास निकामी होणें हें ठळकपणें पुढें आलें. पुरुष संख्येनें थोडे. परंतु त्यांच्यांत शारीरिक कारण अधिक वेळां आढळतें आणि ते दगावतातही अधिक. २०१८ मध्यें याच गटानें पुढचा हिशेब दिला. दुःखानें हृदय थिजलेल्यांचें भवितव्य पुष्कळ बरें. देहाच्या आजारानें ज्यांचें थिजलें त्यांचें वाईट. मथळे ज्यांचे झाले ते बहुधा घरीं परतले, आणि ज्यांचे झाले नाहींत त्यांच्यांत मरणारे अधिक होते.

मग या मुक्या रोग्यांची गणना इतके दिवस कां झाली नाहीं? कांहीं दोष व्याख्येचाही होता. अमेरिकेंतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं २००४ मध्यें या विकाराच्या ज्या कसोट्या घातल्या, त्यांत रोहिण्यांचें चित्र घेऊन त्या मोकळ्या असल्याची खात्री पटविणें ही एक होती. कसोटी चुकीची नव्हती. हृदयाचा खरा झटका नजरेंतून सुटूं नये म्हणून ती आवश्यकच होती. पण ज्या रोग्यास टेबलापर्यंत नेतांच येत नाहीं तो या कसोटीस उतरणार कसा? चित्र नाहीं म्हणून निदान नाहीं, निदान नाहीं म्हणून नोंद नाहीं. चालत किंवा गाडींतून दारापर्यंत येणारा आणि छातीवर हात ठेवून 'येथें दुखतें' म्हणणारा रोगीच नोंदवहींत शिरत राहिला.

२०२० मध्यें करोनाच्या सांथींत हाच भेद पुन्हां दिसला. ओहायो संस्थानांतल्या दोन रुग्णालयांत हृदयाच्या झटक्यासारखीं लक्षणें घेऊन येणाऱ्यांत या विकाराचें प्रमाण पूर्वीं शेंकडा १.५ ते १.८ असे, सांथीच्या पहिल्या दोन महिन्यांत तें ७.८ झालें. या रोग्यांस करोना झालेलाच नव्हता. एकांतवास, चिंता आणि भय यांचा तो परिणाम मानला गेला, आणि बातमी अर्थातच सर्वत्र झळकली. त्याच सुमारास खुद्द करोनानें फुफ्फुसें निकामी झालेल्या, पालथे निजवून यंत्रावर ठेवलेल्या रोग्यांतही तीच फुगलेली जवनिका देशोदेशींचे डॉक्टर नोंदवीत होते. बहुतेक वेळीं खाटेपाशीं आणलेल्या इकोच्याच आधारें.

या विकारावर रामबाण औषध अद्याप नाहीं. बाहेरून मिळणारें अॅड्रिनॅलिन शक्य तेथें कमी करावें, मानेशीं अडथळा आहे कीं काय तें इकोनें पाहावें, अगदींच निकड पडली तर कांहीं दिवसांपुरता कृत्रिम पंप लावावा, आणि मूळ फुफ्फुसाच्या रोगाशीं झुंज चालूं ठेवावी, असा आजचा मार्ग आहे. फुफ्फुस वांचलें तर हृदय बहुधा दिवसांत किंवा आठवड्यांत सावरतें. जरी स्कॉटलंडमधल्या २०१८ च्या पाहणींत कांहीं रोग्यांना वर्ष उलटल्यावरही दम लागणें आणि थकवा यांचा त्रास होत असल्याचें आढळलें आहे.

व्याख्येचें दारही अखेर रुंद झालें. २०१८ मध्यें अनेक देशांतल्या तज्ज्ञांनीं एकत्र येऊन ज्या नव्या कसोट्या प्रसिद्ध केल्या, त्यांत रोहिण्यांचा विकार असला म्हणजे हें निदान बाद, हा जुना निर्बंध सैल केला गेला. आणि धक्क्याच्या कारणांची जी यादी त्यांनीं दिली तींत प्रियजनांचा मृत्यु, भांडण, भूकंप यांच्या शेजारींच दम्याची जबर उबळ, जीर्ण श्वासरोगाचा भडका आणि श्वास निकामी होणें यांचीं नांवें छापलेलीं आहेत.